सहा किनारे आणि एक मोपेड

मोपेड चालू होत नाही म्हटल्यावर टेलरमास्तरांच्या जिवात जीव आला.

त्यांनी बटण दाबलं, किक मारली, उगाच वाकून खाली पाहिलं. गाडी ढिम्म. भाड्याने गाड्या देणारा दुकानदार हाताची घडी घालून उभा होता. बाकीच्या सगळ्या बुक आहेत, हीच घ्या, ढकलता ढकलता होईल सुरू, असं तो म्हणाला. दुसरा कोणी असता तर त्याच्याशी भांडला असता. मास्तर म्हणाले, "असू दे, असू दे. मी बघतो."

"बघतील ते," बायको दुकानदाराला म्हणाली. "तरुणपणी अख्खा किनारा मोपेडवरून पालथा घातलाय त्यांनी."

इथेच तर सगळी गोम होती. गेली तीस वर्षं मास्तर ती गोष्ट सांगत आले होते. पाठीला सॅक, बुडाखाली मोपेड आणि एकामागून एक समुद्रकिनारे. माप द्यायला हात वर करून उभं राहिलेलं गिऱ्हाईक पळून जाऊ शकत नाही, त्यामुळे निम्म्या गावाला ती तोंडपाठ होती. लग्न ठरताना बायकोने एकच विचारलं होतं, मलाही तसं फिरवाल का? मास्तर फुशारकीत हो म्हणून बसले. खरा प्रकार असा, की मोपेड चालवायचा त्यांचा मित्र. मास्तर मागे बसून दोन सॅक सांभाळायचे. त्यांना साधी सायकलसुद्धा धड येत नव्हती.

यंदा बायकोने ऐकलंच नाही. शिवणाच्या दुकानाला कुलूप लावलं, दोन सॅक भरल्या आणि नवऱ्याला समुद्राकाठच्या एका लॉजवर आणून टाकलं. सोमवारी सकाळी ती टूथपेस्ट आणायला म्हणून गेली ती तासाभराने उगवली. तेवढा वेळ मास्तर आरशासमोर लंगडायचा सराव करत होते. ती सगळी मेहनत आता फुकट गेली, पण मास्तरांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

वरात निघाली. दोन्ही सॅक सीटवर ऐटीत बसलेल्या, मास्तर हँडल धरून आणि बायको मागून ढकलत. दर शंभर पावलांवर मास्तर थांबायचे, कुठलीतरी वायर चिमटीत धरायचे, शिलाई तपासल्यासारखी डोळ्यांजवळ न्यायचे आणि मान हलवून पुढे निघायचे. एकदा उतार लागला. आता ही म्हणणार, बसा आणि सोडा गाडी, या धास्तीने त्यांना घाम फुटला. पण तिनेच बजावलं, उतार आहे, हातातच धरा.

पहिल्या दिवशी दोन किनारे झाले. बायको एकदाही कुरकुरली नाही याचं मास्तरांना नवल वाटलं. एरवी दोन गल्ल्या चालल्या तरी तिचे गुडघे बोलायला लागायचे. इथे मात्र ती लॉजच्या गच्चीवर पाय पसरून, उद्या कुठे जायचं ते ठरवत बसली होती.

दुसऱ्या दिवशी संकट आलं. वाळूत बोटीचं इंजिन खोलून बसलेला एक मेकॅनिक यांची धडपड बघून उठलाच. प्लग साफ करतो, दोन मिनिटांत चालू होईल, असं म्हणत पाना घेऊन आलासुद्धा. दोन मिनिटांनी मास्तरांची तीस वर्षांची अब्रू जाणार होती. तेवढ्यात बायको मध्ये उभी राहिली.

"नको हो. गाडीला दुसऱ्या कोणी हात लावलेला यांना खपत नाही."

मेकॅनिकने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि तो आपल्या कामाला लागला. मास्तरांना बायकोचे पाय धरावेसे वाटत होते.

बुधवारी सहावा किनारा. तिथे चिटपाखरू नव्हतं. दोघं पाण्यात पाय सोडून बसली. बायको म्हणाली, तीन दिवसांत तुम्ही माझ्याशी जेवढं बोललात तेवढं तीस वर्षांत बोलला नव्हता, घरी मेलं त्या मशीनपुढे काही ऐकूच येत नाही. मास्तरांना भरून आलं. इतक्या भाबड्या बाईला आपण जन्मभर फसवत आलो याची त्यांना मनापासून लाज वाटली. सांगूनच टाकावं, काय व्हायचं ते होऊ दे.

"ऐक ना," ते म्हणाले.

"काय?"

"काही नाही. कार्बुरेटरच असणार."

"असेल," ती म्हणाली आणि शिंपले वेचायला लागली.

संध्याकाळी गाडी परत करायला दोघं दुकानात पोचली. बायको मागच्या नळावर पायाची वाळू धुवायला गेली आणि मास्तरांनी समोर पाहिलं तर सात मोपेड ओळीने उभ्या. साती रिकाम्या, किल्ल्या लावलेल्या. आता ही बाहेर येणार, ओळ बघणार आणि म्हणणार, चला, जाता जाता एक चक्कर मारूया. मास्तरांनी दुकानदाराला कोपऱ्यात ओढलं.

"ती आली की सांगा, या सगळ्या बुक आहेत," ते कुजबुजले. "मला मोपेड चालवता येत नाही हो. आयुष्यात कधी चालवली नाही. पण हे तिला कळता कामा नये."

दुकानदाराने नळाच्या दिशेने एकदा डोकावून पाहिलं. मग त्यानेही आवाज खाली आणला.

"सोमवारी सकाळी वहिनी एकट्याच आल्या होत्या. या सातही गाड्यांवरून एकेक चक्कर मारून आल्या, झकास चालवतात. मग म्हणाल्या, यातली एकही नको, जी चालूच होत नाही अशी एखादी काढून ठेवा. यांना चालवता येत नाही, आणि मला येतं हे यांना कळता कामा नये."