ताडाची खूण

पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं आणि वस्तीच्या पहिल्यावहिल्या चर्चसमोर उंच क्रूस उभा राहिला. बायकांनी गुडघे टेकले. रेजिन मात्र लाकडावरच्या ताडी काढायच्या खाचा बघत राहिली.

"मामा, हा खाडीच्या तोंडावरचा ताड ना?" तिने सासऱ्याला विचारलं.

"तोच. देवाला वाकडं लाकूड कसं द्यायचं?"

त्या ताडाच्या खुणेनेच होड्या खाडीत शिरत. इथे चर्चपुढे तर पाण्याखाली खडकच खडक होते.

"तुमचा लेक परवापासून समुद्रावर आहे. त्याला कुणी सांगितलंय?"

म्हातारा समुद्राकडे वळला. दूर धुक्यात शिडं दिसली, क्षणभर घोटाळली आणि एकामागून एक क्रूसाकडे वळली.