प्याला पुढे देताना

आमच्या प्रार्थनामंदिरात प्रभुभोजनाचा प्याला हातोहात फिरतो. आपण घोट घ्यायचा आणि ‘येशूने तुझ्यासाठी रक्त सांडलं’ म्हणत शेजाऱ्याला द्यायचा. त्या रविवारी वस्तीतला ड्रायव्हर उशिरा आला, तेव्हा नेमकी शिंपीणबाईंशेजारचीच जागा रिकामी होती. त्याने दारूच्या नशेत बाईंच्या मुलाला गाडीखाली चिरडलं होतं आणि शिक्षा भोगून तो नुकताच सुटला होता. मागून बाईंच्या जाऊबाई कुजबुजल्या, “ऊठ गं, इकडे ये. मेल्याला लाज कशी नाही!” बाई उठल्या नाहीत, नुसत्या रुमाल पिळत राहिल्या. प्याला आला. त्यांनी घोट घेतला, पण हात पुढे जाईना. भजन गाणारे कडवं विसरले. ड्रायव्हर खालमानेने पुटपुटला, “मावशी, मला वगळा. पलीकडे द्या.” “माझा असता तर तुला थेंबही दिला नसता,” बाई म्हणाल्या. “पण प्याला येशूचा आहे. घे लवकर, हात भरून आलाय.”