मिठाचा धडा

"पुन्हा घेऊ," सत्यवती म्हणाली.

चारुदत्तने हेडफोन गळ्यात उतरवले. "आता काय बिघडलं?"

"ट्रकचा आवाज आला."

न्हावा शेव्याकडे जाणारे ट्रक मिठागरामागच्या रस्त्याने धडधडत असत, हे खरं. पण या खेपेला एकही गेला नव्हता. हेडफोन चारुदत्तच्याच कानांवर होते. तरी त्याने माईक पुन्हा सरसावला. जिच्याकडून होकार हवा, तिला खोटं पाडून पदरात काय पडणार, एवढा हिशेब त्याला जमत होता.

सत्यवती पनवेलच्या एका शाळेत ग्रंथपाल होती. शिकवण्यासाठी कॅसेटी आणि चित्रफिती कशा करायच्या, याचं सरकारी शिबिर निघालं, तेव्हा शिक्षकांना तास होते. ग्रंथपालबाई तेवढ्या मोकळ्या, असं मुख्याध्यापकांनी परस्पर ठरवलं. बाई शिबिराहून आल्या त्या झपाटूनच आल्या. आधी कविता टेपवर भरल्या. मग म्हणाल्या, भूगोलासाठी मिठागराची फिल्म करायची.

शाळेकडे कॅमेरा नव्हता. तो चारुदत्तकडे होता. पनवेलातली निम्मी लग्नं त्या कॅमेऱ्यातून गेली होती. त्याने तिला सगळं शिकवलं: पांढऱ्या रुमालावर रंग कसा जुळवायचा, कॅमेरा फिरवताना श्वास कसा धरायचा. ती शिकत गेली आणि तो गुंतत गेला. दुसऱ्यांच्या लग्नात उभं राहून राहून पाय दुखायला लागले होते. आता एकदा पाटावर बसायची इच्छा होती.

पण सवयी सुटत नव्हत्या. पहिल्याच दिवशी तो मिठागरात राबणाऱ्या बळीरामला म्हणाला होता, "काका, जरा हसा की. मुंडावळ्या बांधल्यासारखे अवघडू नका."

"मीठ वडताना कोन हसतो, दादा?" बळीरामने विचारलं होतं, आणि सखूबाई पदर तोंडाला लावून एवढी हसली होती की तोही भाग पुन्हा घ्यावा लागला.

सखूबाई म्हणजे बळीरामची बायको. फिल्ममध्ये बोलायचं काम तिचं. खाडीचं पाणी आत कसं घ्यायचं, ऊन कसं ओळखायचं, ती घडाघडा सांगायची. शेवटी सत्यवती तिला घरचे चार प्रश्न विचारायची. मुलांना माणूसही कळायला हवा, असं तिचं म्हणणं. घोडं दर वेळी तिथेच अडायचं.

हेच मिठागर कशाला, असं चारुदत्तने एकदा विचारलं होतं. तिने सांगितलं, "बाबांची पहिली नोकरी इथल्या शाळेत. गावात अजून त्यांचं नाव घेतात." तिचे बाबा म्हणजे दिनानाथ मास्तर. आई आधी गेली, मास्तर गेल्या वर्षी. एकुलती एक सत्यवती मागे राहिली. मागणी घालावी असं घरात वडीलधारं कोणी नाही, म्हणून चारुदत्तने रिक्षात, मांडीवर बॅटरीचा डबा घेऊन, तिलाच विचारलं होतं.

ती बाहेर बघत म्हणाली,

"माझंच एक उत्तर अडलंय, चारुदत्तराव. ते आलं की तुमचं देते."

तिने चित्रफिती करण्याच्या एका नव्या सरकारी पदासाठी अर्ज केल्याचं त्याच्या कानावर होतं. फिल्म चांगली झाली तर पद मिळणार. म्हणजे फिल्म झाली की पद आणि पद आलं की होकार. जमाखर्च जुळला. तेव्हापासून तो उन्हात निमूटपणे माईक धरत होता.

आज मात्र बॅटरीचा लाल दिवा लुकलुकायला लागला. कॅसेटही संपत आली होती. शिवाय सखूबाई नवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून आली होती.

"मावशी, कामाच्या कपड्यांत यायचं ठरलं होतं ना?" तो कुरकुरला.

"राहू दे," कॅमेऱ्यामागून सत्यवती म्हणाली. "छान दिसताय."

सखूबाईने मीठ ओढायची फळी मिठात रोवली. सत्यवतीने डोळा कॅमेऱ्याला लावला. चारुदत्तने माईक पुढे केला.

"तुमचं नाव?"

"सखूबाई बळीराम."

"किती वर्षं हे काम करता?"

"लगीन होऊन आले तवापासून."

"मुलं किती?"

सखूबाईने ढिगापाशी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "तीन. दोन पोरगे, एक पोरगी."

"पुन्हा घेऊ," सत्यवती म्हणाली.

"बाई, बॅटरी नाही!" चारुदत्त वैतागला. "अहो, तीन म्हणजे तीन. किती वेळा विचारलं तरी आकडा वाढणार आहे का?"

"फक्त एकदा. मग आवरू."

या फिल्मपायी होकार लांबतोय, हे आता त्याला असह्य व्हायला लागलं होतं. पण सखूबाईच नवऱ्याला म्हणाली, "अवं, तुमी रस्त्याव जाऊन गाड्या थांबवा जरा. बायला आवाज नको हाय."

बळीराम बिडी विझवून उठला. बांधावरून पार लांब जाईपर्यंत सखूबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने पदर सारखा केला.

चारुदत्तने हेडफोन चढवले. वारा, पाणी, आणि अगदी जवळ सत्यवतीचा श्वास. फिरवताना धरायला त्याने शिकवला होता तसा, धरलेला. पण कॅमेरा तर स्थिर होता.

"मुलं किती?" सत्यवतीने विचारलं.

"चार," सखूबाई म्हणाली. "थोरली तान्ही आसताना मास्तरांना दिली, पन यांच्यापुढं तिचा नाव काडायचा नाय. आता त्यो कॅमेरा खाली ठेव बाय, तुजा तोंड बघू दे मना."