पोपटांच्या नक्षीची फ्लॉपी

"मावशी, नव्या कॉम्प्युटरला फ्लॉपी ड्राइव्ह बसवायचा म्हणजे विमानाला बैल जुंपायचे," महेश म्हणाला.

"मग जुंप," त्याच्या नाशकातल्या दुकानात ठाण मांडून बसलेली येवल्याची कुसाबाई म्हणाली.

तिच्या पैठणीवरची पोपटांची नक्षी पैठणीचा व्यापारी शेखरशेठने स्वतःची म्हणून मिरवली होती आणि वर सगळ्या विणकरांसमोर तिच्याकडेच पुरावा मागितला होता. पंचवीस वर्षांपूर्वी ती नक्षी तिने तारखेसकट एका फ्लॉपीत भरून घेतली होती. महेशने भंगारातून जुना ड्राइव्ह शोधला, नव्या डब्याचा पत्रा कापला, कुठल्या कुठल्या वायरी जोडल्या. तिसऱ्या दिवशी हिरवा दिवा लागला. कुसाबाईने शेठला बोलावून घेतलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत फ्लॉपी आत सारली.

ड्राइव्ह असा खरखरला, की समोरच्या रसवंतीवाल्याने आपलाच चरक बिघडला असं समजून खाली वाकून पाहिलं. शेठला घाम फुटला.

"कुसाबाई, तारीख दिसायच्या आत मिटवून टाकू."

"मिटवायचं नाही, लिहायचं. नक्षी कुणाची?"

शेठने लिहून दिलं, सही केली आणि चप्पल उलटी घालून निघून गेला.

महेश अजून पडद्याकडेच बघत होता. "मावशी, यातलं एक अक्षर वाचता येत नाहीये."

"कसं येईल?" कागदाची घडी घालत कुसाबाई म्हणाली. "वीस वर्षं मागाच्या पायाखाली पाचर होती ती. पण माग एकदासुद्धा हलू दिला नाही तिनं."