देखभाल

करारावर सही करण्याआधी हेमलताबाईंनी पिशवीतून बाटली काढून नवऱ्याच्या ओठांना लावली. तहान लागली की पाणी मागायचं, हे ते केव्हाच विसरले होते. बाटली त्यांच्या मांडीवर ठेवून बाईंनी मॅनेजरसमोर पेन उघडलं.

"दर महिन्याला ही फी भरली की देखभाल कायम होत राहील ना? मी आधी गेले तरी?"

सांगलीचं घर विकून ज्येष्ठांच्या या वसाहतीत त्या आल्या होत्या, तिच्या जाहिरातीतल्या 'देखभाल' या एकाच शब्दाच्या भरवशावर.

"अगदी निर्धास्त राहा काकू. लिफ्ट, देऊळ, पोहण्याचा तलाव, बाग, सगळ्याची देखभाल त्यातच आली." मॅनेजरनं कौतुकानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. हिरवळीवरचे फवारे आपोआप सुरू झाले होते.

"आणि माणसांची?"

तो गडबडला. मग आवाज उतरवून म्हणाला, "ही इमारतीची देखभाल, काकू. माणसांचं ज्याचं त्यानं बघायचं. तशी सोय नाही आमच्याकडे."

हेमलताबाईंनी पेनला पुन्हा टोपण लावलं. त्यांनी बाहेरच्या हिरवळीकडे बोट दाखवलं.

"म्हणजे मी गेल्यावर त्या गवताला रोज वेळेवर पाणी मिळेल," त्या म्हणाल्या. "आणि ह्यांना?"

मॅनेजरनं करारपत्र आपल्याकडे ओढून घेतलं.

पाण्याचं नाव ऐकून नवऱ्यानं मात्र मांडीवरची बाटली उचलली, आणि बायकोच्या ओठांना लावली.