नटीला घाम येतो

"आपल्या कॉमिकवरच्या मालिकेतल्या नटीला मुखवट्यात घाम येतो, म्हणून त्यांनी मुखवटाच उडवला. आता कॉमिकमधल्या सुपरहिरोइनलाही तो नको," संपादकाने नटीचा फोटो माझ्या ड्रॉइंग बोर्डावर ठेवला. "हाच चेहरा काढा, ताई."

माझं डोकं फिरलं. "कागदावर कुणाला घाम येतो रे? इतकी वर्षं माझ्या हिरोइनचा चेहरा मी कुणाला दाखवला नाही."

"लोक आता मालिका बघून पुस्तक घेतात. त्यांना ओळख पटायला नको?"

"इथे नोकरीला आलास तेव्हा काय म्हणाला होतास? लहानपणी तुला वाटायचं, मुखवट्याआड तुझी आईच आहे."

त्याने फोटो आणखी पुढे सरकवला.

मी पेन्सिल त्याच्या हातात कोंबली. "मग घे. आईच्या जागी या नटीचं तोंड तुझ्याच हाताने काढ."