दोघींचं रक्त

दीप्तीनं ट्रेमधली रक्ताची एक रिकामी नळी उचलून परत खोक्यात ठेवली आणि मगच दोघी बहिणींना आत बोलावलं. प्रेमिला आणि गोपिका कोराडीहून बसनं आल्या होत्या. सांगितल्याप्रमाणे उपाशीपोटी.

सकाळपासून प्रत्येक पेशंटला तेच सांगून झालं होतं. शब्द आता आपोआप बाहेर पडत होते. संशोधनाचा आधीचा निधी संपला. नवा एका व्यापाऱ्यानं दिलाय, आईच्या आठवणीत. त्यांच्या आईला संधिवात होता, म्हणून यापुढे अभ्यास फक्त संधिवाताचा. प्रेमिलाताईंचं रक्त घ्यायचं. गोपिकाताईंना ल्युपस आहे, त्यांचं थांबवायचं.

गोपिकाच्या गालांवरचे लाल चट्टे आज जास्तच उठले होते. ती बहिणीकडे बघून हसली.

"माह्या आजाराले कोनी शेठ नाही भेटला वं ताई. तू दे, मी बाहेर बसतो."

ती उठून दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

पहिल्यांदा रक्त देताना दोघींनी एकच विचारलं होतं, हे आमच्या पोरींना होईल का. एकीचं शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटलं होतं, दुसरीचं स्वतःच्या कातडीवर आणि मूत्रपिंडांवर. दोघींचं रक्त शेजारी ठेवून पाहू, मुळाशी एकच बिघाड सापडला तर पोरींबद्दलही काही सांगता येईल, असं दीप्ती तेव्हा म्हणाली होती. चांगला अर्धा तास बोलली होती, कागदावर पेशी काढून दाखवत. आज तिला ते आठवलं, पण दुसऱ्याच कुणाचं काही आठवावं तसं.

 प्रेमिलानं पोरींचं विचारलं. आता ते कळणार नाही, दीप्ती म्हणाली.

"आमच्या मायले दोन्ही होते, मॅडम," प्रेमिला म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. "सांधे बी अन् हे तोंडावरचं बी. थे आज आली असती तं तिले घेतलं असतं काय?"

नवी नियमावली दीप्तीनंच टाइप केली होती.

"नाही. दोन्ही आजार असलेला पेशंट घेता येत नाही."

प्रेमिलानं मान डोलावली. ब्लाउजची कोपरापर्यंतची बाही तिला वर सरकवता येईना. बोटं वळत नव्हती. तिनं दाराकडे बघून हाक मारली.

गोपिका आत आली. बहिणीची बाही वर केली, दंड घट्ट धरून शीर फुगेपर्यंत थांबली. सुई आत गेल्यावर तिनं हात सोडला आणि कुणी काही म्हणायच्या आत परत बाहेर जाऊन बसली.